डॉ. अकासिओ व्हिएगस : प्लेगच्या काळातील एक सत्यवचनी वैद्य

मुंबईच्या धोबी तलाव परिसरात, मेट्रो चित्रपटगृहासमोर, डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. तेथून ये-जा करणाऱ्या पुष्कळांना हे गृहस्थ कोण, याची कल्पना नसते. आपल्या समाजाने तरी त्यांचे स्मरण ठेवावयास हवे.

डॉ. व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील बार्देश तालुक्यात, हडफडे या गावी एका कॅथोलिक कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली वैद्यकीय पदवी संपादन करून त्यांनी मांडवी भागात व्यवसाय सुरू केला. गोदामे आणि दाट चाळी यांनी गजबजलेली ही वस्ती. पुढे ते महानगरपालिकेचे सदस्यही झाले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत तीव्र ताप आणि जांघेत गाठ असलेले रुग्ण त्यांच्या पाहण्यात आले. हा ग्रंथिक संनिपात, म्हणजेच प्लेग आहे, असे निदान त्यांनी केले व २३ सप्टेंबर रोजी पालिकेच्या स्थायी समितीपुढे ते स्पष्टपणे मांडले. बंदराचे शहर, प्लेगचे नाव उच्चारले की व्यापार थांबणार. साहजिकच अनेकांनी अविश्वास दाखविला. आरोग्याधिकाऱ्यांनीही प्रारंभी संकटाचे गांभीर्य कमी लेखले. परंतु तज्ज्ञांच्या तपासणीत व्हिएगस यांचे निदान खरे ठरले.

त्यानंतर जे घडले, ते आजही विचार करावयास लावणारे आहे. ऑक्टोबरच्या आरंभी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा हुकूम निघाला. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता पसरली आणि महिनाअखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. लगेच पालिकेने सक्ती बरीचशी मागे घेतली. १८९७ साली साथरोग कायदा आला आणि सक्ती परतली. मार्च १८९८ मध्ये शहरात दंगल उसळली, आणि त्यानंतर धोरण पुन्हा सौम्य झाले. दरम्यान निम्म्याच्या आसपास लोकांनी शहर सोडले होते.

शास्त्राचे ज्ञानही तेव्हा अपुरे होते. रोग घाणीतून येतो, या समजुतीने गटारे धुतली गेली, घरांना चुना फासला गेला. रोगाचा प्रसार उंदरावरील पिसवेमार्फत होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखविले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. तोवर आदेश मात्र ठाम स्वरात निघत होते, आणि ते बदलले की का बदलले, हे क्वचितच कोणी समजावून सांगत होते.

अशा वेळी डॉ. व्हिएगस लोकांतच राहिले. वस्त्यांची स्वच्छता आणि उंदरांचा नाश यांसाठी ते झटले. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. व्हिएगस यांनी स्वहस्ते सुमारे १८,००० जणांना ही लस टोचल्याचे सांगितले जाते. हुकमाने जे साधले नाही, ते ओळखीच्या वैद्याच्या शब्दाने साधले. १९०६ साली ते महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदावर आलेले ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती. १९३३ साली त्यांचे निधन झाले.

२०२० च्या कोरोनाकाळात मुखपट्टीविषयीचा सल्ला काही महिन्यांतच बदलला आणि अनेकांचा विश्वास डळमळला. ज्ञान वाढले की सल्ला बदलणे हा दोष नव्हे. कालचा सल्ला कशामुळे अपुरा ठरला, हे न सांगणे हा दोष होय. अप्रिय सत्य वेळीच सांगणारा आणि सांगून झाल्यावर लोकांना सोडून न जाणारा, अशा माणसावर लोक विश्वास ठेवतात.

मुंबईच्या जुन्या गावठाणांत प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही आढळतात. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावताना, त्या दिवसांत रुग्णांच्या दारी गेलेल्या या वैद्यासाठीही आपण एक प्रार्थना करू या.