वाळूत पुरलेली ‘बॅब्ज’

– प्रतिनिधी

जुनी मोटार विकत घेणाऱ्याला दोन किमती मोजाव्या लागतात. एक विकणाऱ्याला द्यायची आणि दुसरी ती गाडी पुन्हा धावती करण्यासाठी. पहिली कागदावर लिहिलेली असते. दुसरीचा अंदाज सहसा चुकतो. जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस या वेल्श अभियंत्याने १९२० च्या दशकात शर्यतीची एक अजस्र ब्रिटिश मोटार अवघ्या १२५ पौंडांना खरेदी केली. दुसरी किंमत मात्र त्यांना प्राणांनी चुकवावी लागली. जमिनीवरील वेगाच्या जागतिक विक्रमासाठी धावताना मृत्युमुखी पडलेले ते पहिले चालक ठरले.

पॅरी-थॉमस यांचा जन्म १८८४ मध्ये वेल्समधील रेक्सम येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लंडनमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यानंतर ते मालमोटारी बनविणाऱ्या लेलँड कंपनीत दाखल झाले आणि पुढे तेथील मुख्य अभियंता झाले. पहिले महायुद्ध संपल्यावर रोल्स-रॉइसशी बरोबरी करील अशी मोटार बनविण्याची जबाबदारी कंपनीने त्यांच्यावर सोपविली. त्यांनी तयार केलेली ‘लेलँड एट’ ही आठ सिलिंडरची मोटार १९२० च्या लंडन प्रदर्शनात सर्वांच्या नजरेत भरली. पण ती इतकी महाग होती की, तिला गिऱ्हाईक मिळेना. मोजक्याच गाड्या तयार झाल्या आणि उत्पादन थांबले.

आपल्या रचनेत दोष नव्हता, हे सिद्ध करण्याचा मार्ग त्यांनी स्वतःच शोधला. लेलँडची नोकरी सोडून ते ब्रुकलँड्स या इंग्लंडमधील प्रसिद्ध शर्यतपथावर मुक्कामाला गेले. अगदी शब्दशः, कारण त्यांचे घर शर्यतपथाच्या आवारातच होते. अविवाहित असलेल्या या माणसाचा संसार म्हणजे त्यांची कार्यशाळा होती. ‘लेलँड एट’वरूनच बेतलेल्या शर्यतीच्या मोटारीने त्यांनी ब्रुकलँड्सवर अनेक विक्रम नोंदविले. आता त्यांना जगातील सर्वाधिक वेगाचा विक्रम खुणावू लागला.

त्यासाठी लागणारी प्रचंड शक्ती त्यांच्या गाडीत नव्हती आणि संपूर्ण नवी गाडी बांधण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता. याच सुमारास एका मृत माणसाची मोटार विक्रीस निघाली. धनाढ्य शर्यतपटू काउंट लुई झ्बोरोव्स्की यांनी कँटरबरीजवळच्या आपल्या हायम या निवासस्थानी ती बांधून घेतली होती. महायुद्धकाळातील अमेरिकन ‘लिबर्टी’ विमानाचे बारा सिलिंडरचे, २७ लीटरचे इंजिन तिच्यात बसविले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये इटलीतील मोंझा येथे मर्सिडीज चालविताना झ्बोरोव्स्की यांचा अपघाती मृत्यू झाला आणि ‘हायम स्पेशल’ मालकाविना उरली. ती पॅरी-थॉमस यांनी घेतली.

या गाडीत त्यांनी स्वतः आखलेले दट्टे बसविले, चार नवे कार्ब्युरेटर लावले, वाऱ्याचा अडथळा कमी करणारा नवा सांगाडा चढविला आणि तिचे नाव ठेवले ‘बॅब्ज’. एक गोष्ट मात्र जुनीच राहिली. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत पोचत होती ती चालकाच्या आसनालगतच्या साखळ्यांवरून. महायुद्धापूर्वीची ही पद्धत तोवर मागे पडत चालली होती.

दक्षिण वेल्समधील पेंडाइनचा लांबच लांब, सपाट समुद्रकिनारा त्यांनी विक्रमासाठी निवडला. २७ एप्रिल १९२६ रोजी ‘बॅब्ज’ने ताशी १६९.३० मैलांचा, म्हणजे सुमारे २७२ किलोमीटरचा वेग गाठून हेन्री सीग्रेव्ह यांचा ताशी १५२.३३ मैलांचा विक्रम मोडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःचा विक्रम सुधारून ताशी १७१.०२ मैलांवर नेला. सव्वाशे पौंडांची गाडी जगात सर्वांत वेगवान ठरली होती.

हा आनंद वर्षभरही टिकला नाही. माल्कम कॅम्पबेल यांनी खास विक्रमासाठीच नवी ‘ब्लूबर्ड’ बांधून घेतली आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये त्याच किनाऱ्यावर ताशी १७४ मैलांची मर्यादा ओलांडली. तिकडे सीग्रेव्ह यांच्यासाठी सनबीम कंपनी हजार अश्वशक्तीची मोटार तयार करीत होती. एकीकडे नवी यंत्रे आणि दुसरीकडे डागडुजी करून उभी केलेली जुनी मोटार, अशी ही असमान स्पर्धा होती. पॅरी-थॉमस यांच्या हातात वेळ थोडाच उरला होता.

प्रकृती ठीक नसतानाही ते पुन्हा पेंडाइनला गेले. ३ मार्च १९२७ रोजी भरधाव ‘बॅब्ज’ उलटली आणि त्यांचा जागीच मृत्यू झाला. ते ४२ वर्षांचे होते. तुटलेल्या साखळीने त्यांचा बळी घेतला, असे पुढे अनेक वर्षे मानले जात होते. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र मागील चाक निकामी झाल्याची शक्यता वर्तविली. त्यांचा दफनविधी ब्रुकलँड्सजवळच्या बायफ्लीट येथे झाला. ‘बॅब्ज’ला पेंडाइनच्या वाळूतच पुरण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस सीग्रेव्ह यांनी अमेरिकेत ताशी २०३ मैलांचा टप्पा ओलांडला. पॅरी-थॉमस यांना हवा असलेला विक्रम त्यांच्या गाडीच्या आवाक्याबाहेर गेला होता.

कथा येथेच संपली असती. पण १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन या वेल्समधील अभियांत्रिकीच्या व्याख्यात्यांनी आवश्यक त्या परवानग्या मिळवून ती मोटार उकरून काढली. ज्या गाडीत माणूस गेला, तिला तशीच राहू द्यावी, असे काहींना वाटत होते. ओवेन यांनी मात्र तिच्याकडे एका अभियंत्याचे काम म्हणून पाहिले. गंजलेला प्रत्येक भाग तपासत, गेलेले भाग नव्याने घडवत त्यांनी सुमारे पंधरा वर्षे खर्ची घातली आणि ते अवाढव्य इंजिन पुन्हा सुरू केले. पुढे ‘बॅब्ज’ पेंडाइन आणि ब्रुकलँड्स येथील संग्रहालयांत प्रेक्षकांना पाहता आली.

पॅरी-थॉमस जितकी वर्षे जगले, तितकीच म्हणजे ४२ वर्षे त्यांची गाडी वाळूखाली होती. तिच्या पहिल्या दोन मालकांना शर्यतीच्या वेडापायी प्राण गमवावे लागले. तिसऱ्याने तिच्याकडून कोणताही विक्रम मागितला नाही, फक्त ती पुन्हा चालावी एवढीच अपेक्षा ठेवली. आणि ती चालली.