केडगावची मुक्ती : पंडिता रमाबाईंच्या आयुष्याविषयी

हैदराबादहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालो की वाडी, गुलबर्गा, सोलापूर, दौंड आणि मग पुणे. दौंड सुटल्यावर थोड्याच वेळात केडगाव नावाचे लहानसे स्टेशन लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यभर ते झोपेत ओलांडले असेल. आम्हीही ओलांडले. बँकेच्या नोकरीत काही वर्षे गुलबर्ग्याला काढली, सुट्टीत याच मार्गाने पुण्याला आलो-गेलो, पण पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन याच केडगावात आहे आणि त्यांच्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातल्या रायचूरला गेले, हे निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हाच कळले.

रमाबाईंविषयी आपल्या घरांतून दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. त्या फार विद्वान होत्या आणि त्या ख्रिस्ती झाल्या. दुसरी गोष्ट जरा आवाज खाली करून सांगितली जाते. आम्हाला मात्र वाचताना तिसरेच काही दिसले. मेल्यानंतर माणसाचे काय होते, या प्रश्नाने या बाईचा लहानपणापासून पिच्छा पुरवला. त्याचे जे उत्तर तिला पटले, त्यातून तिचा रोजचा दिवस कसा जायचा ते ठरले. म्हणून हे लिहिण्याचे धाडस.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या जंगलातल्या गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पेशव्यांच्या वाड्यात एक स्त्री संस्कृत शिकते आहे हे त्यांनी तरुणपणी पाहिले होते. तेव्हापासून आपल्या बायकोलाही शिकवायचे हे त्यांच्या मनाने घेतले. लोकांनी विरोध केला, म्हणून ते रानात जाऊन राहिले आणि लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवलेच. रमाबाई काही महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. मजुराच्या डोक्यावरच्या वेताच्या पेटीत घालून या मुलीला नेले. पुढे सोळा वर्षे हे बिऱ्हाड पायी हिंडत राहिले. देवळात बसून पुराण सांगायचे, मिळेल ती दक्षिणा घ्यायची, पोटापुरते ठेवायचे आणि उरलेले दानधर्मात घालायचे. रमाबाई आईकडून शिकल्या आणि हजारो श्लोक पाठ करून बसल्या.

इथे आमच्यातला बँकवाला जागा होतो. ते कुटुंब शिल्लक ठेवत नव्हते असे नाही. ते ती दुसऱ्या खात्यात भरत होते, पुण्याच्या. परलोकी उपयोगी पडेल म्हणून ब्राह्मणभोजने, दाने, उपवास आणि अनुष्ठाने चालली होती. मग १८७४ च्या आसपासचा दुष्काळ आला. दक्षिणा बंद झाली. देव प्रसन्न व्हावा म्हणून दागिने गेले, चांदी गेली, शेवटी तांब्यापितळेची भांडीही गेली. अंगमेहनतीचे काम कोणाला येत नव्हते. आले असते तरी करायची लाज वाटली असती आणि भीक मागायची त्याहून जास्त. तिरुपतीजवळच्या जंगलात या लोकांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर अकरा दिवस काढले. वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचे ठरवले होते. आता मोलमजुरी करतो, असे मुलगा श्रीनिवास म्हणाला, तेव्हा तो बेत राहिला. पण वडील वाचले नाहीत.

त्यानंतर हे लोक कसेबसे रायचूरला आले. आई भ्रमात बरळत होती आणि खायला मागत होती. सोळा वर्षांच्या रमाबाई शेजारच्या एका बाईकडे भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने चेहऱ्यावरून ओळखले आणि बाजरीची भाकरी दिली. ती घेऊन घरी आल्या तेव्हा आईला ती खाता येण्यासारखी राहिली नव्हती. आई गेल्यावर तिला स्मशानात न्यायला ब्राह्मण मिळेनात. दोघे कसेबसे तयार झाले, तिसरा श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्या उंचीने लहान, खांदा पुरेना, म्हणून तिरडीचे टोक त्यांनी डोक्यावर घेतले. काही महिन्यांत थोरली बहीणही गेली. आम्ही रायचूरला किती वेळा गाडी बदलली असेल. आता तिथे उतरलो की हे आठवते.

भाऊ-बहीण पुढे पायीच हिंडत राहिले. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री त्यांनी अंगावर वाळू ओढून काढल्या. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तिथेच स्त्रियांपुढे धर्मावर बोलायचे म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे लक्ष देऊन वाचली, आणि त्यांना धक्का बसला. ग्रंथांत इतर बाबतींत हजार मतभेद असले तरी दोन गोष्टींवर सगळ्यांचे एकमत आहे, असे त्यांना दिसले. स्त्रीजात वाईट आहे, आणि पुरुषाला मिळतो तसा मोक्ष स्त्रीला मिळत नाही. पतीची सेवा करावी, फार तर पुढच्या जन्मी उच्चवर्णीय पुरुष होऊन यावे आणि मग मोक्षाची वाट धरावी. निपुत्रिक असेल तर पिंड कोण देणार हा आणखी वेगळा प्रश्न. पुत् नावाच्या नरकातून तारणारा तो पुत्र, या कल्पनेने मुलीच्या जन्मावर कशी सावली पडते, हे त्यांनी पुढे आपल्या इंग्रजी पुस्तकात लिहिले.

आपल्याकडची वाचक मंडळी इथे म्हणतील की मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांचे काय? बरोबर आहे. संतांनी ती वाट केव्हाच मोकळी केली होती आणि बहिणाबाईंना तर बाईच्या जन्माचा नेमका हाच सल होता. पण रमाबाई वाढल्या त्या संस्कृत पोथ्यांत, वारीत नव्हे. त्या पंढरपूरच्या वाटेने मोठ्या झाल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. मुलगी झाली, मनोरमा. ती वर्षाचीही झाली नव्हती तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. रमाबाई पुण्याला आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून त्याच्या पैशांतून १८८३ मध्ये इंग्लंडचे तिकीट काढले. वैद्यक शिकायचे होते, पण कमी ऐकू येत असल्याने ते जमले नाही.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे मनावरचा ताण असह्य होऊन विष घेतले. हा प्रसंग रमाबाईंच्या चरित्रांत घाईने ओलांडला जातो, पण परक्या देशात दुसऱ्या धर्माच्या छायेत राहणे काय असते हे त्यावरून कळते. लंडनजवळ फुलम येथे त्या भगिनींनी रमाबाईंना आपले एक काम दाखवले. वाट चुकलेल्या बायकांना तिथे सांभाळत, शिकवत, माणसात आणत. स्मृतींमध्ये अशा बायकांसाठी कठोर शिक्षा वाचलेल्या रमाबाईंना हे नवल होते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेल्या, परक्या जातीच्या त्या बाईशी येशू ख्रिस्त स्वतः बोलतो आणि सार्वकालिक जीवनाचे पाणी देऊ करतो. तारण सर्वांना सारखे आणि त्यासाठी नवरा, मुलगा, जात, दान यांतले काहीच लागत नाही, ही गोष्ट रमाबाईंच्या मनात तिथे रुजली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

म्हणून त्या भगिनींचे सगळे ऐकत गेल्या असे मात्र नाही. त्रैक्य, चमत्कार, चर्चचा अधिकार या विषयांवर त्यांनी आपल्या गुरुभगिनीशी पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घातला. शाकाहार सोडला नाही, पांढरी साडी सोडली नाही. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे धर्म बुद्धीने घेतला होता. मनाला शांती आली ती आठेक वर्षांनी, तारण कमवायचे नसते तर मिळालेले स्वीकारायचे असते हे उमगल्यावर.

ख्रिस्ती श्रद्धेत जन्म एकच, पुनर्जन्म नाही. मेल्यावर न्याय आहे आणि पुनरुत्थान आहे, पण स्वर्ग ही सत्कृत्यांची मजुरी नसून कृपा आहे. मग सत्कृत्ये करायचीच कशाला, अशी शंका आपल्याला येते. आम्हालाही आली होती. रमाबाईंच्या बाबतीत त्याचे उत्तर हिशेबासारखे सरळ दिसते. वडिलांनी जे सगळे परलोकाच्या खात्यात भरले, ते भरायची गरजच मुलीला उरली नाही. पैसा, वेळ, शरीर सगळे इथल्या माणसांसाठी मोकळे झाले. आणि जन्म एकच असेल तर समोरच्या बालविधवेला पुढच्या जन्माची आशा दाखवून भागत नाही. तिचे जे काय व्हायचे ते याच जन्मात.

अमेरिकेत भाषणे देऊन आणि पुस्तक विकून त्यांनी पैसा उभा केला. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. पुढे महर्षी कर्वे यांच्याशी विवाह झालेल्या गोदूबाई या तिथल्याच विद्यार्थिनी. सदनात धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये मोठे वादळ झाले. केसरीने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आम्हाला वाटते, पालकांचा राग अगदीच खोटा नव्हता. ज्या बाईवर मुलींचा जीव, तिचे उघडे दार हीसुद्धा एक शिकवणच असते.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रायचूर विसरणे रमाबाईंना शक्य नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे ठेवता येईनात, म्हणून केडगावला आधी घेतलेल्या शेतजमिनीवर राहुट्या ठोकल्या. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी आल्या आणि वस्ती २००० च्या घरात गेली. या जागेचे नाव मुक्ती. जो शब्द आपण मरणानंतरच्या गोष्टींसाठी राखून ठेवला, तो त्यांनी विहीर, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग आणि शाळा असलेल्या शेताला दिला. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, वृद्ध-अपंगांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तीमय सदन. मनोरमेने ब्रेल शिकून घेतली आणि अंध मुलींना वाचायला शिकवले.

पैशांचे म्हणाल तर ठरलेली वर्गणी नाही, मोठी ठेव नाही. प्रार्थना करायची आणि येईल त्यावर चालवायचे. असा प्रस्ताव आमच्या टेबलावर आला असता तर आम्ही कर्ज मंजूर केले नसते. पण केडगाव चालले. दिवस घंटेने आणि प्रार्थनेने सुरू होई, मग दळण, शिवण, शेत, शाळा. बहुतेक मुलींनी बाप्तिस्मा घेतला. भुकेल्या मुलीच्या होकाराला होकार म्हणावे का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारला जातो. रमाबाईंना नुसती भाकरी देणे अर्धवट वाटले असते, हे आम्हाला समजते. तो प्रश्न मात्र आमच्यापुरता सुटलेला नाही. नुसता वाद घालत बसलेल्यांपैकी त्या दुष्काळात मुली आणायला किती जण गेले, हेही तितकेच खरे.

१९१२ च्या सुमारास मनोरमेने आपल्या गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. आई थकल्यावर केडगाव तीच सांभाळणार असे सगळे धरून चालले होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा यांच्यानंतर आता एकुलती मुलगी. रायचूरच्या त्या मुलीला मरणापलीकडे अंधारच होता. त्रेसष्ट वर्षांच्या या बाईला मुलगी पुन्हा भेटणार याची खात्री होती. या दोन दुःखांतला फरक मोजायचे माप आमच्याकडे नाही. दिसते ते इतकेच की हातातले काम त्यांनी खाली ठेवले नाही.

ते काम बायबलच्या भाषांतराचे. आधीचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते, खेड्यातल्या बाईला कळत नसे. संस्कृतात पंडिता ठरलेल्या या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि जड शब्द एकेक करून काढून टाकत साधे मराठी लिहिले. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच मुली. मनोरमेनंतरचे शेवटचे महिने मुद्रिते तपासण्यात गेले. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या गेल्या. छापून झालेला पूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडला.