पुण्याच्या नगरपालिकेत एक शेतकरी



मार्चअखेरीला ग्रामपंचायतीच्या ऑफिसात काय धांदल असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी गोळा करायची, बिले भागवायची आणि वर्षभर तसाच पडून राहिलेला राखीव निधी एकदाचा खर्ची टाकायचा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी, असा नियम आहे. आता उत्पन्नच तोकडे असेल तर टक्के कशाचे काढायचे, हा सरपंचांचा सवाल खोटा नाही.

अशाच एका ग्रामसभेला मी शेतीशाळेची माहिती द्यायला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. वसुली निम्म्यावर, पाणीयोजनेचे वीजबिल थकलेले, आणि चर्चा चालली होती गावाच्या वेशीवर बांधायच्या कमानीची. मागे बसलेली एक बाई दोनदा उठून उभी राहिली. तिच्या मुलाला पायाने अधूपण आहे, त्याला तीनचाकी सायकल हवी होती. दोन्ही वेळा तिला पुढच्या सभेत बघू म्हणून खाली बसवले. पुढे ११ एप्रिलला त्याच ऑफिसात महात्मा जोतीराव फुल्यांच्या फोटोला हार घातला. हार घालणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा मनात आले की, जोतीराव स्वतः अशाच सभेत सहा-सात वर्षे बसले होते, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? शाळा आणि सत्यशोधक समाज आपल्याला ठाऊक असतो. नगरपालिकेतले जोतीराव राहून जातात. म्हणून आज त्यांच्याविषयी.

तसे हे घराणे आपल्याच मातीतले. मूळ गाव खटाव तालुक्यातले काटगुण, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन फुलांचा धंदा केला, पेशव्यांकडे फुले पुरवली आणि फुले हेच नाव पडले. ११ एप्रिल १८२७ ला जोतीरावांचा जन्म झाला. आई चिमणाबाई लवकर गेली, सगुणाबाईंनी सांभाळले. वडील गोविंदरावांनी लोकांच्या सांगण्यावरून पोराला शाळेतून काढून मळ्यात खुरपे हातात दिले होते. शिकला तर शेतीच्या कामाचा राहणार नाही, ही भीती. (ही भीती मी आजही ऐकतो, फक्त आता ती उलटी झाली आहे. शेतीत राहिला तर पोरगी कोण देणार, असे म्हणतात.) शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत बसले. त्याआधी वर्षभर नायगावच्या सावित्रीबाईंशी लग्न झालेले होते. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा, १८४९ साली वडिलांचे घर सोडावे लागणे, १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणे, १८७३ साली सत्यशोधक समाज, हे सगळे तुम्ही पुस्तकात वाचलेलेच आहे.

पुस्तकात कमी येते ते त्यांचे व्यवहारातले आयुष्य. जोतीराव कुणाच्या देणगीवर जगत नव्हते. ते कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाचे काम चालू असताना त्यांनी माल पुरवला. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल या कामांशीही त्यांचा संबंध होता. धरणावर काम केले म्हणजे मजूर, मुकादम, ओव्हरसियर आणि इंजिनिअर यांच्यात पैसा कसा मुरतो, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच धरणाच्या कालव्याखाली मांजरीला जमीन घेऊन त्यांनी बागायत केली. कालव्याचे पाणी तेव्हा नवे होते. पाणी घेतले तर पट्टी बसेल, जमीन बिघडेल, अशा शंका काढून शेतकरी लांब राहायचे. आमच्या भाषेत सांगायचे तर जोतीरावांनी तिथे प्रात्यक्षिकाचा प्लॉटच घेतला होता.

असा हा माणूस १८७६ साली पुणे नगरपालिकेचा सभासद झाला. तेव्हा निवडणूक नव्हती, सरकार नेमणूक करायचे. एकूण बत्तीस सभासद, बहुतेक शहरातली प्रतिष्ठित मंडळी. नगरपालिकेचे मोठे उत्पन्न जकातीचे. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर पैसे घ्यायचे आणि त्यातून दिवे, रस्ते, गटारे, शाळा चालवायच्या. आपल्याकडे नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली, पण नाक्यावर बैलगाडी अडवलेली ज्यांनी पाहिली आहे असे म्हातारे अजून आहेत, त्यांना विचारा. जकात दिसायला व्यापाऱ्यावर, पण ती शेवटी कुणाच्या खिशातून जायची? एकतर माल पिकवणाऱ्याच्या, नाहीतर पेठेत कोपऱ्यावरून शेर-पावशेर धान्य घेणाऱ्या गरिबाच्या. जोतीरावांनी पुढे शेतकऱ्याचा असूड लिहिला, त्यात हा हिशेब आला आहे. भाजीची गाडी शहरात नेली की जकात द्यायची, मग दलाल, आणि शेवटी कधी कधी गाडीभाडेसुद्धा पदरचे भरून रिकाम्या हाताने परत यायचे. नाक्याच्या त्या बाजूचा शेतकरी आणि सभेत टेबलाशी बसलेला सभासद, ही दोन्ही एकच माणसे असण्याचा योग फार थोड्या वेळा येतो.

ते सभासद झाले ते वर्ष दुष्काळाचे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये माणसे आणि जनावरे किड्यामुंगीसारखी मेली. आणि १ जानेवारी १८७७ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीत राणीचा मोठा दरबार भरवला होता. या लिटनसाहेबांच्या पुणे भेटीचा विषय नगरपालिकेत आला. मानपत्र द्यायचे, स्वागत करायचे, त्यासाठी एक हजार रुपये मंजूर करावेत, असा प्रस्ताव होता. जोतीरावांनी सुचवले की हा पैसा करदात्यांचा आहे, तो शहरातल्या गोरगरिबांच्या शिक्षणावर घालावा. मतदान झाले. बत्तीस जणांत विरोधी मत एकच पडले, जोतीरावांचे.

हजार रुपये म्हणजे किती, हे आज कळत नाही. जोतीरावांनीच पुढे सरकारला सुचवले होते की खेड्यातल्या शिक्षकाला महिना निदान बारा रुपये तरी मिळावेत. त्या दराने धरा. स्वागताच्या एका दिवसात एका शिक्षकाचा जवळजवळ सात वर्षांचा पगार जाणार होता. आणि एकतीस जणांना त्यात वावगे वाटले नाही. ही माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. साहेब येणार, मान राखला पाहिजे, सगळी गावे करतात, आपणच मागे का राहायचे, असेच कुणी म्हणाले असेल. कमानीच्या चर्चेत मी हेच ऐकले.

दुसरा प्रसंग मंडईचा. तोवर पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरायचा. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मोठी दगडी इमारत बांधायचे ठरवले. जोतीरावांचा विरोध. एवढा पैसा इमारतीत घालण्याऐवजी शिक्षणाकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे. मला विचाराल तर इथे नगरपालिकेची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पालेभाजीला सावली लागते, पावसात चिखलात बसणाऱ्या बायकांना ओटा लागतो. बाजारपेठेवरचा खर्च वाया जातो असे कृषी खात्यात नोकरी करणारा माणूस तरी म्हणणार नाही. पण जोतीराव बाजाराविरुद्ध नव्हते. प्रश्न आधी काय आणि मग काय याचा होता, आणि शाळेची पाळी दरवेळी मग येत होती. इमारत झालीच. १८८६ साली उद्घाटन झाले, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून रे मार्केट असे नाव पडले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना तिचे नाव बदलले. आज पुण्याला जाऊन तुम्ही ज्या महात्मा फुले मंडईपुढे रिक्षा थांबवता, ती हीच.

दारूच्या दुकानांचाही वाद त्यांनी ओढवून घेतला. १८८० साली त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना लिहून विचारले की, एका हाताने लोकांच्या आरोग्यावर खर्च करायचा आणि दुसऱ्या हाताने गुत्ते वाढू द्यायचे, हा कुठला कारभार? गरिबाच्या घरात पैसा येतो थोडा, आणि जातो कुठे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. सभेत एकटे पडणारा हा माणूस सभेबाहेर हात बांधून बसला नव्हता. १८७७ च्या दुष्काळात त्यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम काढला, लोकांना मदतीचे आवाहन केले. सत्यशोधक मंडळी आणि सावित्रीबाई त्या काळात गावोगावी राबल्या. पण असे वर्गणीवरचे अन्नछत्र किती दिवस चालणार? कायमची तजवीज करायची तर ती सार्वजनिक तिजोरीतूनच व्हायला हवी, हे जोतीरावांनी नेमके १८८२ साली मांडले.

त्या वर्षी शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन आले. जोतीरावांनी त्यापुढे निवेदन दिले. सगळ्यांना त्यातले सक्तीचे प्राथमिक शिक्षण आठवते. मला त्यातला पैशाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण शाळा काढा म्हणणारे पुष्कळ असतात, पैसा कुठून आणायचा ते सांगणारा विरळा. त्यावेळी शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून जादा घेतला जायचा. तो बहुतेक शेतकऱ्यांचाच पैसा. त्यातला एक तृतीयांश शाळांना आणि दोन तृतीयांश रस्त्यांना जायचा. जोतीरावांनी मागितले की यातला निम्मा फक्त प्राथमिक शिक्षणाला द्या. आपल्या हद्दीतल्या सगळ्या प्राथमिक शाळा चालवणे नगरपालिकांवर कायद्याने बंधनकारक करा, त्यांच्या मर्जीवर सोडू नका. आणि एवढ्यानेही भागले नाही तर प्रांत सरकारने तिजोरीतून पुरेसे अनुदान घालावे. बघा, सभेत एकाविरुद्ध एकतीस मते पडण्याचा अनुभव घेतलेला माणूसच कायद्याने बंधनकारक करा असे म्हणतो. सभासदांच्या चांगुलपणावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. आपले पंधरा, दहा आणि पाच टक्केसुद्धा त्याच कारणाने नियमात घालावे लागले आहेत.

त्याच निवेदनात खेड्यातल्या शाळेत शेतीचे थोडे ज्ञान द्यावे आणि शाळेला लहानसे नमुन्याचे शेत जोडावे, असेही आहे. माझ्या पदविकेच्या अभ्यासक्रमात हे कुणी सांगितले नव्हते. पुढच्या वर्षी, १८८३ साली, असूड लिहून झाला. डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती आणि पाणी अडवायला ताली-बंधारे घाला, तळी खणा, पाण्याचे झरे शोधून नकाशात दाखवा, चांगल्या पिकाला बक्षिसे द्या. पाणलोटाच्या कामाच्या प्रशिक्षणात आम्ही ज्या गोष्टी शिकतो, त्यातल्या कितीतरी त्यात आहेत.

जाता जाता कामाचे सांगतो. ग्रामसभा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी अशा ठरलेल्या दिवशी होतात. राखीव निधीचे रजिस्टर तिथे बघायला मागा. किती जमा, किती खर्च, कशावर खर्च, आणि मागच्या वर्षीचे किती शिल्लक, एवढे चार रकाने वाचले तरी पुष्कळ समजते. मार्चमध्ये मागाल तर सतरंज्या आणि खुर्च्या मिळतील. ऑगस्टमध्ये मागा. त्या बाईलाही मी हेच सांगितले, आणि अर्ज लेखी देऊन पोच घ्यायला सांगितले.

जोतीरावांचा नगरपालिकेतला काळ संपला तो अशा झगड्यात. मे १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. दोनच महिन्यांनी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. मग डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. एकेकाळचा सधन कंत्राटदार, पण आजारपणात घरात पैसा उरला नव्हता. १८९० साली मामा परमानंदांनी बडोद्याला सयाजीराव महाराजांना पत्र लिहून मदत मागितली. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले.

आपले दहन करू नये, मिठात पुरावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते, आणि घरामागे खड्डाही खणून ठेवलेला होता. पण राहत्या वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. ज्या नगरपालिकेत ते इतकी वर्षे बसले, तीच ही. शेवटी दहनच करावे लागले. टिटवे कुणी धरायचे यावर भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे हातात घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. नंतर अस्थी आणून त्या घरामागच्या खड्ड्यात ठेवल्या. पुण्यात गंज पेठेत ते घर अजून आहे, पेठेला आता त्यांचेच नाव आहे. मंडईत माल घेऊन जाल तेव्हा वाट वाकडी करून बघून या, चालत गेलात तरी फार लांब नाही.