ज्युनिअर केजी, सिनियर केजीमधलं 'केजी' ज्याने दिलं, त्याच्याच शाळांवर सरकारने बंदी घातली होती

जून महिना आला की घरोघरी एकच चर्चा असते, पोराला ज्युनिअर केजीत कुठे घालायचं? केजी म्हणजे किंडरगार्टन. जर्मन शब्द आहे, अर्थ मुलांची बाग. हे नाव शोधणारा माणूस होता फ्रेडरिक फ्रोबेल.

२१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतल्या थुरिंगियामध्ये एका धर्मगुरूच्या घरी त्याचा जन्म झाला. तो नऊ महिन्यांचा असतानाच आई गेली. पुढे सावत्र आई आली, पण माया काही मिळाली नाही. पोरगं बागेत आणि रानात एकटंच रमायचं. पंधराव्या वर्षी तो एका वन अधिकाऱ्याच्या हाताखाली काम शिकायला लागला. नंतर बरेच धंदे करून बघितले आणि शेवटी फ्रँकफर्टच्या एका शाळेत मास्तर झाला. तिथे सूर सापडला. मग स्वित्झर्लंडला जाऊन पेस्टालोझी या त्या काळच्या नावाजलेल्या शिक्षणतज्ज्ञाकडे तो दोन वर्षं राहिला.

पण आकारांचं वेड त्याला लागलं ते बर्लिनमध्ये. नेपोलियनविरुद्धच्या लढाईतून परतल्यावर तो तिथल्या खनिजांच्या संग्रहालयात सहायक म्हणून काम करत होता. दिवसभर हातात स्फटिक. त्यांच्या कडा, कोन, पृष्ठभाग बघता बघता त्याच्या डोक्यात बसलं की निसर्ग साध्या आकारांतूनच सगळं घडवतो.

१८३७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्याने बाड ब्लांकेनबुर्ग या गावात अगदी लहान मुलांसाठी काम सुरू केलं. त्यासाठी खेळणी बनवली आणि त्यांना नाव दिलं 'भेटवस्तू'.

पहिली भेट म्हणजे दोरी बांधलेले लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी भेट खरी गंमतीची. लाकडाचा गोल, घनाकृती ठोकळा आणि दंडगोल. गोल कसाही ठेवा, घरंगळतो. ठोकळा जागचा हलत नाही. आणि दंडगोल? उभा केला तर ठोकळ्यासारखा थांबतो, आडवा केला तर गोलासारखा पळतो. दोन्ही भावंडांचे गुण एकात!

त्यात अजून एक करामत होती. ठोकळ्याच्या एका बाजूच्या मधोमध दोरी बांधून त्याला गरगर फिरवलं की डोळ्यांना ठोकळा दिसतच नाही, दंडगोल दिसतो. तिसऱ्या भेटीत तोच ठोकळा आठ छोट्या ठोकळ्यांत सुटायचा आणि पुन्हा जोडला जायचा. तक्त्यावर चौकोन दाखवून नाव घोकून घेण्याआधी तो आकार मुलाच्या हाताला कळला पाहिजे, असा सगळा बेत होता. आजही बऱ्याच शाळांत हे उलटंच चालतं, ती गोष्ट वेगळी.

१८४० मध्ये या प्रयोगाला किंडरगार्टन हे नाव मिळालं. फ्रोबेल तरुण मुलींना त्यासाठी शिक्षिका म्हणून तयार करू लागला, तेही बायकांना नोकरीची दारं बहुतेक बंद असताना.

आणि मग ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशिया सरकारने किंडरगार्टनवर बंदीच घातली. कारण काय, तर या शाळा मुलांना समाजवादी आणि नास्तिक बनवतात. घोळ असा होता की ज्या पुस्तिकेचा आदेशात उल्लेख होता, ती फ्रोबेलची नव्हतीच. ती होती त्याच्या पुतण्याची, कार्ल फ्रोबेलची. आडनाव एक, बाकी विचार वेगळे. म्हाताऱ्या फ्रोबेलने खुलासे केले, थेट राजाकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही. नुकतीच १८४८ ची क्रांती होऊन गेली होती, सरकार घाबरलेलं होतं.

२१ जून १८५२ रोजी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० मध्ये.

तोपर्यंत त्याच्या चेल्यांनी किंडरगार्टन परदेशात नेलं होतं. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात एका आईने हे ठोकळे पाहिले आणि मुलासाठी आणले. तो मुलगा म्हणजे जगप्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉईड राईट. म्हातारपणीही तो त्या ठोकळ्यांची आठवण काढायचा.

फ्रोबेलची कबर श्वाइना गावात आहे. तिच्यावर खाली दगडाचा ठोकळा, त्यावर दंडगोल आणि सगळ्यात वर गोल आहे.