कोशकार कवी नर्मद

वर्गात एखादी कादंबरी वाचावयास घेतली की पहिल्या दोन-तीन पानांतच आमची गाडी अडते. कधी शब्द अडतो, तर कधी शब्द कळूनही वाक्य अडते. तापी कोपली असे लेखक लिहितो. नदीला कोप कसा येईल? मग कोश उघडावा लागतो, अलंकारांचे पुस्तक चाळावे लागते. ही पुस्तके हाताशी असण्याची आम्हांस इतकी सवय झाली आहे की, ती कोणास तरी प्रथम लिहावी लागली असतील, हे ध्यानातही येत नाही. गुजराती भाषेसाठी ही दोन्ही कामे एकाच माणसाने अंगावर घेतली, आणि तो माणूस आमच्या सुरतेचा होता.

नर्मदाशंकर लालशंकर दवे यांचा जन्म २४ ऑगस्ट १८३३ रोजी सुरतेस एका नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील मुंबईस लेखनिकाचा धंदा करीत. त्यामुळे नर्मदांचे बालपण व शिक्षण सुरत आणि मुंबई या दोन्ही शहरांत विभागले गेले. तो काळ सुरतेत नव्या विचारांचा होता. नर्मद वयाच्या अकराव्या वर्षात असताना, १८४४ साली, दुर्गाराम मेहताजी व मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी येथे मानवधर्मसभा स्थापिली. मराठी भाषेस नियमात बसविणारे दादोबा काही वर्षे याच गावी वावरत होते, हे आम्हां मराठी शाळेतील मुलांनी विसरू नये.

पुढे नर्मद मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिकले व काही काळ शिक्षकही झाले. कविता लिहावी अशी ओढ लागली, तेव्हा छंदांचे नियम सांगणारे पुस्तक गुजरातीत सहजी मिळेना. सुरतेतील एका गवंड्याजवळ छंदशास्त्राची हस्तलिखित पोथी आहे असे त्यांस कळले. गवंडी पोथी घराबाहेर नेऊ देईना. तेव्हा नर्मद त्याच्याच घरी जाऊन बसले व तेथेच ती उतरून घेऊ लागले. शिकलेला तरुण गवंड्याच्या दारी विद्येसाठी बसला आहे, हे चित्र आम्हांस त्यांच्या पुढील मानसन्मानांहून अधिक आवडते. या खटाटोपातूनच १८५७ साली ‘पिंगळप्रवेश’ हे छंदांवरील पुस्तक सिद्ध झाले आणि त्यापाठोपाठ ‘अलंकारप्रवेश’ व ‘रसप्रवेश’ निघाले. उपमा कोणती, रूपक कोणते, हे शिकू पाहणाऱ्यास आता आपल्याच भाषेत वाट सापडली. आपणांस जे मिळविताना कष्ट पडले, ते दुसऱ्यास सुखाने मिळावे, असा त्यांचा स्वभावच होता.

२३ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली व यापुढे केवळ लेखणीवर जगावयाचे, असा निश्चय केला. पुस्तके विकत घेणारे थोडे आणि वाचणारे त्याहून थोडे, अशा त्या दिवसांत हा निश्चय म्हणजे आगीशी खेळ होता. विधवाविवाहाचा पुरस्कार, ‘दांडियो’ पत्रातील निर्भीड लेखन आणि त्यापायी सोसलेला रोष ही मोठी हकीकत आहे. ती येथे सांगत बसलो तर कोश मागे राहील.

गुजराती शब्दांचा अर्थ गुजरातीतच सांगणारा कोश तोवर नव्हता. मराठीत असा कोश १८२९ साली निघाला. पण तो अनेक शास्त्रीमंडळींनी सरकारच्या आश्रयाने रचलेला होता. नर्मदांच्या पाठीशी असे मंडळ नव्हते. शब्द जमवावयाचे, पारखावयाचे, अर्थ लिहावयाचे, आणि छपाईचा पैसाही आपणच उभा करावयाचा! ज्याने कधी एका शब्दाचा अर्थ दुसरा शब्द न वापरता सांगून पाहिला असेल, त्यास या कामाची कल्पना येईल. ‘चोपडी’ हाच शब्द घ्या. आमच्या मराठी घरांत ती हिशेबाची असते. शेजारच्या गुजराती घरी कोणतेही पुस्तक म्हणजे चोपडीच. असा एकेक शब्द तोलीत त्यांनी सुमारे पंचवीस हजार शब्द लिहिले. १८६१ पासून ‘नर्मकोश’ भागाभागांनी निघू लागला.

कोश अपुरा असतानाच, १८६६ साली, सुरतेच्याच इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक नंदशंकर मेहता यांची ‘करण घेलो’ प्रसिद्ध झाली. गुजरातच्या शेवटच्या राजपूत राजाची ही कथा त्या भाषेतील पहिली कादंबरी मानली जाते. आम्ही तिला कादंबरी म्हणतो, कारण बाणभट्टाच्या नायिकेचे नावच मराठीने या साहित्यप्रकारास देऊन टाकले. गुजराती माणूस तिला नवलकथा म्हणतो. एकाच गावी एक शिक्षक शब्दांतून कथा उभी करीत होता, तर दुसरा, शाळा सोडलेला, त्याच शब्दांचे अर्थ लावीत बसला होता. त्याच वर्षी नर्मदांनी आपले आत्मचरित्र ‘मारी हकीकत’ हेही लिहिले. पण त्याच्या मोजक्याच प्रती छापल्या. सर्वांस ते वाचावयास मिळाले १९३३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस.

१८७३ साली कोश संपूर्ण झाला. काम बारा वर्षे पुरले होते आणि कर्ज त्याहून पुढे गेले होते. नर्मद हात राखून खर्च करणारे नव्हते, हेही खरे. अखेर १८८२ साली, चोवीस वर्षे पाळलेले व्रत मोडून, त्यांस मुंबईस गोकुळदास तेजपाल धर्मादाय संस्थेत नोकरी पत्करावी लागली. या गोष्टीचे शल्य त्यांस शेवटपर्यंत राहिले. फेब्रुवारी १८८६ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

सुरतेच्या आमलीरान भागातील त्यांचे घर आजही उभे आहे आणि येथील विद्यापीठास त्यांचेच नाव आहे. ‘जय जय गरवी गुजरात’ हे त्यांचे गीत २०११ पासून गुजरातचे राज्यगीत झाले. समारंभात ते आम्हीही उभे राहून ऐकतो. ते गीत त्यांनी रचले होते ते ‘नर्मकोशा’च्या आरंभी घालण्यासाठी.