फारसी-मराठी कोशाचे कर्ते : माधव ज्यूलियन

वाशीमच्या तहसील कचेरीत तुम्ही अनेकदा गेला असाल. पण तहसील म्हणजे मुळात काय? अरबीत मिळवणे, गोळा करणे. पुढे सरकारी दफ्तरात तो महसूलवसुलीचा शब्द झाला. शिपाई हा मूळचा सिपाही. मराठी जिभेने ‘स’चा ‘शि’ केला. चिटणीसमधला ‘णीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. आणि आपल्या घरात तालीम म्हणजे शिक्षण; मराठीत मात्र तो शब्द आखाड्यात उतरला, नाटकमंडळीतही शिरला!

अशा शब्दांची मुळे मराठी वाचकापुढे ठेवणारे विद्वान म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, अर्थात कवी माधव ज्यूलियन. जन्म बडोद्याचा, २१ जानेवारी १८९४. फारसी ही त्यांच्या घरची भाषा नव्हे. ती त्यांनी कॉलेजात मेहनतीने मिळवली आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवली. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. शिवकालाचे व पेशवाईचे कागद फारसी शब्दांनी भरलेले आहेत. ते वाचू पाहणाऱ्याला या कोशाचा केवढा आधार! उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. गझल मराठीत रुजवली तीही त्यांनीच. १९३३ चा ‘गज्जलांजलि’ हा संग्रह त्याची साक्ष आहे.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. हेच माधवराव पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीत शिरले. मराठीतून अरबी-फारसी शब्द दूर करावेत, असे ते आग्रहाने मांडू लागले. १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिले, आपले जुने ‘सुधारक’ हे काव्यही त्या दृष्टीने पुन्हा लिहून काढले. आपल्यापैकी कोणाला हे वाचून वाईट वाटेल. मला स्वतःला त्यांचे हे मत पटत नाही. पण कोणता शब्द कोठून आला हे त्यांच्याइतके जाणणारे मराठीत फार थोडे होते. शब्द काढा म्हणणाऱ्या या कवीने गझलेचा साचा मात्र टाकला नाही.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते अखेरपर्यंत प्राध्यापक होते. ‘छंदोरचना’ या ग्रंथाबद्दल मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी.लिट्. दिली आणि पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, ते वारले. वय अवघे पंचेचाळीस. शिपाई, तहसील, तालीम हे शब्द मराठीत होते तिथेच आहेत, आणि त्यांच्या मुळांसाठी अभ्यासक अजूनही माधवरावांचाच कोश उघडतात.