जस्तो ताकायामा उकोन

जपानांतील नारा प्रांतांत, उदा शहराच्या डोंगराळ भागीं, सावा नांवाच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. वर चढून जाणाऱ्यास तेथें मनोरा दिसत नाहीं कीं दरवाजा दिसत नाहीं. झाडींत दडलेले मातीचे बांध व सपाट केलेल्या माच्या एवढेंच काय तें उरलें आहे. मध्ययुगीन जपानी डोंगरी किल्ले बहुधा माती व लांकूड यांचेच असत. ह्याच ठिकाणीं ज्याचें बालपण गेलें, त्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें सांगतों.

ताकायामा उकोन याचा जन्म १५५२ च्या सुमारास झाला. त्याचा पिता सावाचा किल्लेदार होता. १५६३ मध्यें लोरेन्सो नामक अर्धवट अंध जपानी उपदेशकाचें निरूपण ऐकून तो ख्रिस्ती झाला, व पुढें लवकरच कुटुंबाचाहि बाप्तिस्मा झाला. अकराबारा वर्षांच्या उकोनास जस्तो, म्हणजे न्यायी, हें नांव मिळालें.

१५७३ मध्यें तो ताकात्सुकी किल्ल्याचा अधिपति झाला. १५७८ मध्यें त्याचा धनी आराकी मुराशिगे यानें ओदा नोबुनागाविरुद्ध बंड केलें. उकोनचा मुलगा व बहीण आराकीजवळ ओलीस होतीं; इकडे किल्ला स्वाधीन न केल्यास पाद्र्यांचा संहार करण्याची धमकी नोबुनागानें दिली. लढावें तर पाद्री मरतात, शरण जावें तर पुत्र मरतो! तेव्हां उकोननें केस कापून किल्ल्याचा व पदाचाच त्याग केला आणि तो एकटा नोबुनागापुढें गेला. ओलीस वांचले व किल्लाहि त्यास परत मिळाला.

१५८५ मध्यें त्यास आकाशीची जहागीर मिळाली. परंतु १५८७ मध्यें हिदेयोशीनें धर्म सोडण्याची आज्ञा करतांच त्यानें जहागीर सोडली. सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्याचा तो नामांकित शिष्य होता. १५८८ पासून मायेदा घराण्याच्या आश्रयानें तो सुमारें २६ वर्षें राहिला. १६१४ मध्यें तोकुगावा सरकारनें त्यास सहकुटुंब हद्दपार केलें. मनिला येथें पोहोंचल्यावर थोड्याच आठवड्यांत, फेब्रुवारी १६१५ मध्यें, तापानें त्याचा अंत झाला. २०१७ मध्यें रोमन मंडळीनें त्यास धन्य म्हणून घोषित केलें.

विद्यार्थिमित्रहो, स्वतःच्या तत्त्वाची किंमत दुसऱ्यावर लादणें सोपें असतें. उकोननें दोन्ही वेळां ती आपल्याच पदरची भरली, हेंच आम्हांस त्याच्या चरित्राचें सार वाटतें.